विमानांच्या फोटोंसाठी कॅमेरा आणि लेन्स: फुल फ्रेम + १००-४०० की क्रॉप + १५०-६००?

तिसरी_घिरटी

विमानांचे फोटो काढण्यासाठी नवा सेट घ्यायचा विचार आहे. सध्या २४ मेगापिक्सेलची क्रॉप सेन्सरची (फुल फ्रेमपेक्षा रुंदीला १.५ पट लहान) जुनी डीएसएलआर आणि ७०-३०० मिमी एफ/४.५-५.६ लेन्स आहे. मुख्य विषय प्रवासी विमाने. जागा कुंपणाबाहेर, धावपट्टीपासून अंतर साधारण ४०० ते ८०० मीटर. अधूनमधून एअर शो, म्हणजे लढाऊ विमाने आणि हेलिकॉप्टर. सगळे हातात धरून, ट्रायपॉड नाही.

दोन पर्याय डोक्यात आहेत: फुल फ्रेम मिररलेस आणि १००-४००, किंवा क्रॉप मिररलेस आणि १५०-६००. कोणता योग्य?

आणखी एक. दुपारच्या फोटोंत शेपटीजवळचा नोंदणी क्रमांक आणि खिडक्यांच्या कडा मऊ येतात, सकाळी त्याच लेन्सने ठीक येतात. दोष लेन्सचा, ऑटोफोकसचा की हाताचा, हे कसे ओळखायचे?

---

नटबोल्ट

अंतर दिलेत ते बरे केलेत. त्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नसते, नुसती ब्रँडची भांडणे होतात.

सूत्र सोपे आहे. सेन्सरवर विमानाची प्रतिमा किती मिलिमीटर हवी ते ठरवा, त्याला अंतराने गुणा, विमानाच्या लांबीने भागा. आली फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा. विमानाने फ्रेमची ८० टक्के रुंदी व्यापावी असे धरले, तर फुल फ्रेमवर प्रतिमा २९ मिमी लागते आणि क्रॉपवर १९ मिमी. पुढचे आकडे विमान बरोबर आडवे दिसत असतानाचे.

एअरबस ए३२० (३७.६ मी): क्रॉपवर ४०० मीटरला २०० मिमी, ८०० मीटरला ४०० मिमी. फुल फ्रेमवर तेच ३१० आणि ६१७.
एटीआर ७२ (२७.२ मी): क्रॉपवर २८० ते ५६०.
बोइंग ७७७-३००ईआर (७३.९ मी): क्रॉपवर १०३ ते २०६.

आता तुमचा पहिला पर्याय पाहा. आजची ७०-३०० क्रॉपवर ४५० मिमीइतकी (३०० गुणिले १.५) दिसते. फुल फ्रेम घेऊन त्यावर १००-४०० लावलीत तर पोच ४०० वर येते, म्हणजे पैसे खर्चून विमान लहान होणार. दुसऱ्या पर्यायात उलटी अडचण आहे. १५०-६०० ची खालची बाजू १५०, आणि ४०० मीटरवरचे ७७७ आडवे असेल तर १०३ मागते. शेपूट तरी कापली जाईल नाहीतर नाक.

म्हणून तुमच्या यादीत नसलेला तिसरा पर्याय सुचवतो: क्रॉप बॉडी आणि १००-४००. ८०० मीटरवरचे एटीआर सोडले तर प्रवासी विमानांचे सगळे त्यात बसते.

एअर शोसाठी मात्र हे कमी पडेल. एफ-१६ जेमतेम १५ मीटर लांब असते. ५०० मीटरवर त्याने ८० टक्के फ्रेम भरावी तर क्रॉपवर ६३० मिमी लागतील. अर्धी फ्रेम भरली तरी चालत असेल तर ४०० मिमी पुरते, आणि २४ मेगापिक्सेलमध्ये ते विमान ३००० पिक्सेल लांब असते. छपाईलाही ते कमी नाही.

उतरण्याच्या मार्गाखाली उभे राहणार असाल तर हे सगळे गणित बदलते. तीन अंशांच्या उतारावर विमान टेकण्याच्या जागेपासून १ किमीवर साधारण ५२ मीटर उंच असते, २ किमीवर १०५. तिथे ४०० मिमी काढून काय करणार? २४-७० नाहीतर ७०-२०० च हवी.

---

धूसर_क्षितिज

दुपारच्या मऊपणाबद्दल लिहितो, कारण नवी लेन्स घेऊनही तो जाणार नाही अशी दाट शंका आहे.

तापलेल्या जमिनीवरून गरम हवा उठते, तिचा अपवर्तनांक जागोजागी वेगळा असतो, आणि तुमच्या व विमानाच्या मध्ये अशा हवेचे ४००-८०० मीटर असतात. डांबर आणि काँक्रीटवर हे सर्वात वाईट. लेन्स जितकी लांब तितकी ही थरथरही मोठी करून दाखवते. महागडी प्राइम (झूम नसलेली) लेन्स इथे काहीही करू शकत नाही.

ओळखायचे कसे? एकाच बर्स्टमधले (बटण दाबून ठेवून लागोपाठ काढलेले) आठ-दहा फोटो १०० टक्क्यांवर शेजारी ठेवा.

हवेची थरथर असेल तर प्रत्येक फोटोत वेगळी जागा बिघडलेली असते. एकात नाक कडक आणि शेपटी मऊ, पुढच्यात उलटे. खिडक्यांची सरळ रांग नागमोडी दिसते. चाके आणि धावपट्टीजवळचा भाग वरच्या भागापेक्षा जास्त बिघडलेला असतो.

पॅनिंग (विमानाबरोबर कॅमेरा फिरवणे) चुकत असेल तर धूसरपणा उड्डाणाच्या दिशेने आडवा ओढलेला असतो. शटर दाबताना हात खाली जात असेल तर उभा. फोकस चुकला असेल तर सगळे विमान सारखेच मऊ असते, कडा ओढलेल्या नसतात, आणि लागोपाठच्या अनेक फोटोंत तसेच राहते.

तुम्हाला सकाळी त्याच लेन्सने ठीक मिळते आहे. त्यामुळे माझा कौल हवेला.

इथे बरेच जण फोकसच्या खोलीसाठी ॲपर्चर लहान करून एफ/११ वर जातात. गरज नाही. क्रॉपवर ४०० मिमी, एफ/८, अंतर ५०० मीटर धरा. एका पिक्सेलचा काटेकोर निकष लावला तरी साधारण ४५० पासून ५५० मीटरपर्यंत सगळे कडक असते. पूर्ण विमान त्यात आरामात मावते.

उपाय म्हणाल तर सकाळी लवकर जा, नाहीतर पाऊस पडून गेल्यावर किंवा चांगले ढग असताना. जमिनीवर टॅक्सी करणाऱ्या विमानापेक्षा चाके उचलून वर गेलेले विमान निवडा. आपण उंचवट्यावर उभे राहिलो तर मधला हवेचा मार्ग जमिनीपासून वर राहतो, त्याचाही फरक पडतो. उभ्या विमानाच्या इंजिनामागून दिसणारे काहीही कडक येणार नाही, तो नाद सोडा. आणि एसी चालू असलेल्या गाडीच्या खिडकीतून फोटो काढू नका. आतली थंड आणि बाहेरची गरम हवा तुमच्या लेन्सच्या तोंडाशीच मिसळते, म्हणजे थरथर आपणच तयार करतो.

---

शटरबहाद्दर

नटबोल्ट यांचे गणित बरोबर आहे, निष्कर्ष थोडा एकांगी. विमान नेहमी आडवेच टिपतात असे नाही. पुढून तिरक्या ४५ अंशांत लांबी ०.७ पट दिसते, आणि मग ४०० मीटरवरच्या ७७७ ला १०३ ऐवजी १४५ मिमी लागते. १५०-६०० तिथे जवळजवळ पुरते. शिवाय जवळची ७०-३०० विकू नये, मोठ्या विमानांसाठी ती पिशवीत राहू द्यावी. एअर शो गंभीरपणे करायचे असतील तर ६०० हवीच. आकाशात १५ मीटरचे विमान ७००-८०० मीटरवर गिरक्या घेत असते, तिथे ४०० चे क्रॉप करून करून शेवटी नॉइजच उरतो.

पण वजनाचा विचार आधी करा. सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी १.९ किलो. सोनी २००-६०० जी सुमारे २.१ किलो. निकॉन झेड १८०-६०० ट्रायपॉड कॉलरसकट तेवढीच. बॉडी धरून पावणेतीन किलो. हे हातात धरून तीन तास आकाशाकडे बघणे वेगळेच काम आहे, मान आधी बोलते. शेवटच्या दोन लेन्समध्ये झूम आतल्या आत होते, नळी लांबत नाही, त्यामुळे तोल बदलत नाही आणि एका छोट्या वळणात पूर्ण झूम होते. समोरून झपाट्याने येणाऱ्या विमानासाठी हे फार कामाचे. सिग्माची नळी बाहेर येते, ६०० वर पुढे जड होते.

हलक्या बाजूला सोनी ७०-३५० जी (६२५ ग्रॅम, फक्त क्रॉपसाठी) आणि कॅनन आरएफ १००-४०० एफ/५.६-८ (६३५ ग्रॅम) आहेत. एफ/८ वाचून नाक मुरडू नका. उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला एफ/८ वर शटर १/४०० मिळतो, म्हणजे १/१२५० साठी आयएसओ ३२० पुरते. प्रवासी विमाने दिवसा टिपायला हे भरपूर आहे. अडचण येते ती पहाटे आणि संध्याकाळी. तिथे एफ/५.६ आणि एफ/८ मधला एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश, बोचतो.

बॉडीत सर्वात आधी ऑटोफोकसकडे पाहा. विमान ओळखणारे ऑटोफोकस आता क्रॉपमध्येही आहे: सोनी ए६७००, निकॉन झेड५०-२, फुजीफिल्म एक्स-एच२एस. फुल फ्रेममध्ये कॅनन आर६ मार्क २, निकॉन झेड८, सोनी ए७आर५. कॅननच्या आर७ मध्ये वाहनांची ओळख आली ती गाड्या-मोटारसायकलींसाठी, हे घेण्याआधी लक्षात घ्या. तरी ३२.५ मेगापिक्सेलमुळे लांबच्या विमानांना ती बॉडी आवडते. उंचावरून जाणाऱ्या विमानांचा नाद असेल तर पिक्सेलची घनताच मोजावी. ११ किमी वरचे ७७७ हे ६०० मिमीने सेन्सरवर ४ मिमी उमटते. २४ मेगापिक्सेल फुल फ्रेमवर ते सुमारे ६८० पिक्सेल, २४ मेगापिक्सेल क्रॉपवर हजारावर, आर७ वर साडेबाराशे.

कोऱ्या निळ्या आकाशात विमान ही ऑटोफोकससाठी सोपी गोष्ट आहे. फसते ते धावपट्टीवर, मागे झाडे, इमारती, दिव्यांचे खांब असताना. तिथे पूर्ण फ्रेमऐवजी झोन निवडा आणि तो कॉकपिटवर ठेवा. फोकस शटरवरून काढून मागच्या बटणावर द्या. लेन्सवर लिमिटर (फोकसचे अंतर मर्यादित ठेवणारी कळ) असेल तर तो लांबच्या बाजूला ठेवा, नाहीतर कुंपणाची जाळी दिसताच फोकस धावत जवळ येतो आणि परत जाईपर्यंत विमान गेलेले असते.

---

तिसरी_घिरटी

सर्वांचे आभार. १००-४०० आणि क्रॉप पटते आहे, ७०-३०० ठेवेन.

दोन उपप्रश्न. एटीआरचे प्रोपेलर माझ्याकडे गोठल्यासारखे दिसतात, शटर १/१००० असतो. किती खाली यायचे? आणि मिररलेसमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर वापरला की पाती वाकडी येतात असे ऐकले, ते खरे का?

---

नटबोल्ट

फेरे मोजले की उत्तर मिळते. मिनिटाचे फेरे गुणिले ६ म्हणजे सेकंदाला किती अंश.

एटीआर ७२ चा प्रोपेलर टेकऑफला मिनिटाला १२०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ७२०० अंश. १/१००० ला पाते फक्त ७ अंश सरकते, गोठलेले दिसणारच. १/२५० ला २९ अंश. १/१२५ ला ५८ अंश, आणि सहा पात्यांमध्ये अंतर ६० अंशांचे, म्हणजे जवळपास पूर्ण चकती. १/२५० ला निम्मी चकती भरते, बहुतेकांना तेवढे पुरते.

लहान पिस्टन विमान, दोन पाती, २४०० फेरे: १/२५० ला ५८ अंश, छान दिसते. हेलिकॉप्टर सर्वात अवघड. मुख्य रोटर मिनिटाला ४०० च्या आसपास फिरतो. १/१२५ ला जेमतेम १९ अंश, १/६० ला ४०. मोठ्या हेलिकॉप्टरचा रोटर त्याहून हळू. म्हणून त्यांच्यासाठी १/६० ते १/१२५ मध्येच राहावे लागते. जेटला हा प्रश्नच नाही, बिनधास्त १/१००० ते १/१६०० ठेवा. लढाऊ जवळून वेगात जाणार असेल तर १/२०००.

शटर खाली आणला की पॅनिंगची परीक्षा सुरू होते. उतरताना ए३२० चा वेग साधारण सेकंदाला ७० मीटर असतो. विमानाने ८० टक्के फ्रेम भरली असताना २४ मेगापिक्सेलवर एक पिक्सेल म्हणजे पावणेआठ मिलिमीटर. कॅमेरा स्थिर धरलात तर १/१००० ला सुद्धा ९ पिक्सेलचा धूसरपणा येतो. बऱ्याच जणांना वाटते की १/१००० ने सगळे गोठते. तसे नाही, कॅमेरा विमानाबरोबर फिरतो म्हणून गोठते. तिथे पॅनिंगमध्ये १० टक्के चूक झाली तरी एक पिक्सेलच बिघडतो. पण १/१२५ ला एटीआर टिपताना हाच हिशोब ८० पिक्सेलवर जातो, आणि एक टक्का चुकीलाही जवळजवळ एक पिक्सेल मोजावा लागतो. त्यामुळे एकदम १/१२५ वर उडी नको. १/४०० पासून सुरू करा, जमले की ३२०, मग २५०. पाय विमान जिथे शेवटी जाणार त्या दिशेला रोवा आणि कंबर मागे वळवून सुरुवात करा, उलटे केले की मधेच अंग अडते. शटर दाबून झाल्यावरही फिरणे थांबवू नका.

आणि भर उन्हात १/१२५ ठेवलात तर आयएसओ १०० वरही ॲपर्चर एफ/१४ पर्यंत जाते. क्रॉपवर तिथे विवर्तनामुळे तीक्ष्णता उतरते आणि सेन्सरवरची धूळ निळ्या आकाशात ठिपके होऊन दिसते. दोन स्टॉपचा एनडी (प्रकाश कमी करणारा) फिल्टर लावा, एफ/७.१ वर परत याल.

---

शटरबहाद्दर

पाती वाकडी येण्याचे खरे आहे. साधा सेन्सर इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये ओळीओळीने वाचला जातो. वरची ओळ वाचून खालच्या ओळीपर्यंत पोचायला जितका वेळ लागतो तितक्यात पाते पुढे गेलेले असते, म्हणून ते केळ्यासारखे वाकते, कधी बुंध्यापासून सुटलेलेही दिसते. शटर स्पीड कितीही वाढवला तरी हे जात नाही, कारण दोष वाचनाच्या वेळेचा आहे. वेगाने पॅन करताना मागचे खांबही तिरके होतात. ए६७०० आणि आर७ वर प्रोपेलरसाठी यांत्रिक शटरच वापरा. स्टॅक्ड सेन्सरवर, म्हणजे एक्स-एच२एस, झेड८ वगैरेंवर, वाचन इतके जलद असते की बहुतेक वेळा लक्षात येत नाही. पूर्ण फ्रेम एकाच क्षणी वाचणारा सोनी ए९-३ आहे, त्यात हा प्रकारच नाही, पण फक्त एवढ्यासाठी तो घेणे म्हणजे चैन.

स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप आवरणारी सोय) विसरू नका. सोनी-कॅननच्या मोठ्या लेन्सवर मोड २ हा पॅनिंगसाठी आहे, तो आडवी हालचाल सोडून फक्त उभी आवरतो. चुकून मोड १ राहिला तर लेन्स तुमच्या पॅनिंगशीच भांडते. निकॉनवर स्पोर्ट मोड निवडा, व्ह्यूफाइंडरमधली प्रतिमा उड्या मारत नाही.

---

निळाई

वर एक गोष्ट राहून गेली आहे: कुंपण. १५०-६०० प्रकारच्या लेन्सचे तोंड ९५ मिमी फिल्टरचे असते, नेहमीच्या जाळीच्या एका चौकटीत ते मावत नाही. मग प्रत्येक फोटोत तारेचा धूसर पट्टा येतो आणि कॉन्ट्रास्ट मरतो. ६७ मिमी फिल्टरची लेन्स हूड काढून जाळीला टेकवली तर पुष्कळदा निभावते. टेकवूनही तार मध्ये येत असेल तर ॲपर्चर पूर्ण उघडा, तार विरघळते. उन्हाने चमकणारी तार मात्र विरघळत नाही, सावलीतला भाग शोधा. शिडी लावणार असाल तर ती चालते का हे आधी विचारून घ्या.

लेन्सवर स्वस्त यूव्ही फिल्टर असेल तर काढा. ४०० मिमीला तो तीक्ष्णता खातो, आणि समोरून लँडिंग लाइट चालू करून येणाऱ्या विमानाच्या दिव्यांची खोटी प्रतिबिंबे फ्रेमभर पसरवतो.

एक्स्पोजर: पांढरे विमान, निळे आकाश, ऊन आपल्या पाठीमागून, तर काही करू नका, फक्त हायलाइटचा इशारा चालू ठेवा. पांढरट ढगाळ आकाशात कॅमेरा फसतो आणि विमान काळे पडते, तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +०.७ ते +१.३. मॅन्युअलमध्ये शटर आणि ॲपर्चर पक्के करून आयएसओ ऑटो ठेवले तर कॉम्पेन्सेशनचे चाक तेवढे फिरवायचे राहते.

---

तिसरी_घिरटी

शेवटचे: एअर शोपुरता १००-४०० वर १.४ पट टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये लावायची, फोकल लेंग्थ वाढवणारी जोडणी) चालेल का, की वेगळी ६०० घेणेच बरे?

---

नटबोल्ट

कोणती १००-४०० त्यावर आहे. सोनीची जीएम किंवा निकॉनची झेड वरच्या टोकाला एफ/५.६ आहे, कन्व्हर्टर लावून ५६० मिमी एफ/८ होते. दिवसा मिररलेसचे ऑटोफोकस त्यावर व्यवस्थित चालते. कॅननची स्वस्त आरएफ १००-४०० आधीच एफ/८, ती एफ/११ होईल, ढगाळ दिवशी ऑटोफोकस रेंगाळेल. आरएफ १००-५०० वर कन्व्हर्टर लावला की झूम ३०० च्या खाली येतच नाही, फॉर्मेशन जवळून गेले की फ्रेमबाहेर. तुमच्या जुन्या डीएसएलआरवर हा प्रयोग करू नका. त्यातल्या बऱ्याच बॉडींचे ऑटोफोकस एफ/५.६ च्या पलीकडे चालत नाही, आणि चालले तर फक्त मधल्या बिंदूवर.

कन्व्हर्टर घरीच लावून निघा, धुळीत मैदानावर बदलू नका. आणि पहिले काही फोटो दूरच्या स्थिर वस्तूवर काढून, कन्व्हर्टर नसताना काढलेला फोटो १.४ पट मोठा करून शेजारी ठेवा. दोन्ही सारखेच दिसत असतील तर कन्व्हर्टर काढून ठेवा, तेवढा एक स्टॉप परत मिळेल.